विमानतळाहून खोपोलीस

आमच्या माकणीस आगगाडी नाही. शेजारच्या लोहाऱ्यासही नाही. गाडीत बसावयाचे तर धाराशीव, लातूर किंवा सोलापूर गाठावे लागते, आणि तेथवर जाण्यास एस. टी.वाचून गती नाही. १८९७ साली आजच्या कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत अडीच फूट रुंदीच्या रुळांवर 'बार्शी लाइट' धावू लागली आणि पुढे ती लातुरापर्यंत आली. परंतु तिची शिटी आमच्या गावच्या कानी कधी पडली नाही. अशा गावच्या एका निवृत्त मास्तराने विमानतळावरून क्रीडोद्यानास आगगाडीने कसे जावे याविषयी लिहावे, हे वाचकांस थोडे चमत्कारिक वाटेल. तथापि गेल्या डिसेंबरात हा प्रवास आम्ही सहकुटुंब केला, आणि त्यात जे हाती लागले ते घरोघरच्या वडीलधाऱ्यांच्या कानी घालावे असे मनापासून वाटल्यावरून हा महिन्याचा मजकूर त्यासच वाहिला आहे.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त पॅरिस शहरी असतात. त्यांस नऊ वर्षांचा एक मुलगा आहे. पॅरिसचा जो मोठा विमानतळ आहे, त्याच्या दुसऱ्या इमारतीच्या पोटातच अतिवेगवान आगगाड्यांचे स्टेशन आहे. तेथे गाडीत बसले म्हणजे सुमारे दहा मिनिटांत मार्न-ला-वाले या स्टेशनावर उतरता येते, आणि स्टेशनाबाहेर पाऊल टाकले की समोर डिस्नेलँडचे महाद्वार! हे उद्यान १९९२ साली उघडले आणि दोनच वर्षांनी ही वेगवान गाडी तेथे पोहोचली. उद्यान बांधतानाच आगगाडीचा विचार झालेला असल्यामुळे उतारूंस पायपीट म्हणून नाही. आमच्या नातवाने हा प्रवास केलेला होता. हिवाळ्याच्या सुटीत हिंदुस्थानात यावयाचे ठरले, मुंबईजवळच्या इमॅजिका नामक उद्यानात त्यास न्यावयाचे ठरले, तेव्हा त्याने टेलिफोनवर आम्हांस एकच प्रश्न केला : "आजोबा, तिथे विमानातून उतरून ट्रेननं जाता येतं?"

आम्ही म्हटले, "येतं." खरे सांगावयाचे तर त्या वेळी आम्हांस याची खातरी नव्हती. परंतु नातवाने आपण होऊन आम्हांस विचारलेला असा हा पहिलाच प्रश्न होता, आणि त्यास 'चौकशी करून सांगतो' असे कोरडे उत्तर देणे आमच्याने झाले नाही.

असे का, ते सांगितले पाहिजे. मुलगा घरात मराठी ऐकतो. त्यास ती समजते, पण बोलतो तुटक, आणि वाचण्याचे नाव नाही. त्याच्या पाचव्या वर्षापासून आम्ही त्यास दरमहा एक पत्र धाडीत आलो. ठसठशीत अक्षर, सोपी वाक्ये, कडेस बैलाचे अगर विहिरीचे चित्र. आरंभी चिरंजीव ती पत्रे त्यास वाचून दाखवीत. पुढे ते थांबले असावे, कारण आम्ही पत्रातून विचारलेल्या गोष्टींची उत्तरे येईनाशी झाली. ज्याने तीस वर्षांवर दुसऱ्यांच्या मुलांस अक्षर ओळख करून दिली, त्याच्या स्वतःच्या नातवास त्याचे पत्र वाचता येऊ नये, हे शल्य आम्ही कोणापाशी बोललो नाही, सौ.पाशी देखील नाही. सौ.चे दुःख याहून सरळ होते. तिला इंग्रजी येत नाही, फ्रेंच येत नाही. आणि नातू मराठीत गप्प राहिला म्हणजे तिचे त्याच्याशी बोलणेच खुंटते.

असो. आमच्या होकाराची वार्ता घरात कळताच सभा भरली. चिरंजीवांनी तिकडून कळविले, "अण्णा, रात्रभर विमानात बसून येणार आम्ही. मोटारीनं दोन तासांत जाऊ. हा हट्ट कशासाठी?" डोंबिवलीचा पुतण्या मोटार घेऊन विमानतळावर येण्यास सिद्धच होता. सूनबाईंनी मात्र मध्यम मार्ग काढला : सामान आणि त्या स्वतः मोटारीतून डोंबिवलीस जाव्यात, आणि आजी-आजोबा, चिरंजीव व मुलगा एवढ्यांनी आगगाडीने पुढे जावे. आम्ही निघताना पिशवीत एक नवी पाटी, पेन्सिलींचा डबा आणि अंकलिपी घातली. ते पाहून थोरले बंधू म्हणाले, "मास्तर, पोराला खेळायला नेतोस की शाळेत?" आम्ही हसून वेळ मारून नेली, पण तो बाण वर्मी लागला होता.

आता मार्गाविषयी, कारण पुष्कळांस तो उपयोगी पडेल. इमॅजिका हे उद्यान रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात, खोपोली–पाली रस्त्यालगत आहे. ते २०१३ साली उघडले. त्यास सोयीचे स्टेशन खोपोली. तेथून पुढे रिक्षा करावी लागते. मुंबईच्या विमानतळावरून खोपोलीस थेट गाडी नाही. दोन वाटा आहेत. पहिली जवळची : अंधेरीच्या बाजूने २०१४ साली सुरू झालेल्या मेट्रोने घाटकोपर गाठावे आणि तेथे मध्य रेल्वेची कर्जतकडे जाणारी लोकल धरावी. दुसरी लांबची : विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलखालीच भुयारी मेट्रोचे स्टेशन आहे, तेथून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जावे आणि कर्जत अथवा खोपोलीची लोकल जेथून सुटते तेथेच तीत बसावे. ही भुयारी मेट्रो आरेपासून कफ परेडपर्यंत साडेतेहतीस किलोमीटर लांबीची असून तिचा शेवटचा टप्पा २०२५ च्या ऑक्टोबरात उघडला. घाटकोपरास गाडी क्षणभर थांबते आणि जागेची शाश्वती नसते. टर्मिनसला गाडी रिकामी उभी असते. सौ.चे गुडघे दुखरे. सबब आम्ही लांबची वाट पत्करली. शिवाय सकाळच्या प्रहरी सारी मुंबई कामावर जाण्याकरिता दक्षिणेकडे लोटत असते. उलट दिशेने कर्जतकडे निघणाऱ्यास बसावयास मिळते. ज्येष्ठांनी आणि लेकुरवाळ्यांनी ही गोष्ट ध्यानी धरावी.

विमान पहाटे उतरले. मुलगा बाहेर आला, वाकून नमस्कार केला, आणि पुन्हा वडिलांच्या आड उभा राहिला. सौ.ने "दमलास का रे बाळा?" म्हणून विचारले, त्याने मान हलविली. बस्स, एवढेच संभाषण. भुयारी गाडीत खिडकीबाहेर अंधार असल्याने पाहण्यासारखे काही नव्हते. स्टेशनांची नावे तेवढी कानी पडत होती. आचार्य अत्रे चौक आला. नंतर जगन्नाथ शंकरशेट हे नाव पुकारले गेले तेव्हा आम्ही आपसूक ताठ बसलो. मुंबईस लोहमार्ग व्हावा म्हणून ज्यांनी खटपट केली, त्या नानांचे नाव आता भुईखालच्या गाडीच्या स्टेशनास आहे. ही गोष्ट नातवास सांगावी म्हणून आम्ही तोंड उघडले, तो मुलाने डोळे मिटलेले. आम्ही गप्प बसलो.

टर्मिनसला आम्ही वर आलो तेव्हा मात्र मुलाचे डोळे उघडले. १८८७ च्या सुमारास उभी राहिलेली ती इमारत, तिचा घुमट, कोरलेली जनावरे नि पाखरे. जागतिक वारसा म्हणून २००४ साली मान मिळालेली ही वास्तू रोज लक्षावधी माणसांच्या पायांखाली आहे. समोरून येणाऱ्या गाड्यांतून माणसांचा लोंढा उतरत होता. खोपोलीची थेट गाडी नुकतीच गेली होती. अशा गाड्या दिवसात मोजक्याच असतात, एरवी कर्जतला बदलावे लागते. आम्ही कर्जतच्या गाडीत बसलो. चौघांस खिडकीजवळ समोरासमोर बाके मिळाली. सौ.ने पाय पसरले, डब्यातून धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी काढली, आणि गाडी हलली.

गाडी हलताच आम्ही पिशवीत हात घातला. आमचा बेत पक्का होता : तीन तास मुलगा समोर बसलेला, हलण्यास जागा नाही, अशी संधी पुन्हा येणे नाही. 'अ'पासून आरंभ करावयाचा आणि कर्जत येईतो निदान बाराखडीच्या उंबरठ्यापर्यंत न्यावयाचे. पाटीचा कोपरा बाहेर आला तोच सौ.ने आमच्या हातावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "अहो, असू द्या. बाहेर बघू द्या त्याला." इतक्या वर्षांच्या संसारात तिने आमच्या शिकवण्यात कधी तोंड घातले नव्हते. पाटी पुन्हा पिशवीत गेली.

मुलास स्वतःचे नाव देवनागरीत लिहिता येत असे, एवढीच काय ती त्याची पुंजी. त्याच्या नावात 'र' आणि 'व' ही अक्षरे आहेत. दादर स्टेशनात गाडी थांबली. पाटी नेमकी खिडकीसमोर आली. मुलगा तिच्याकडे पाहत राहिला आणि एकदम म्हणाला, "आजोबा, माझा र!"

आम्ही म्हटले, "तुझाच."

"दोनदा का लिहिलंय?"

"एकदा मराठीत, एकदा हिंदीत. खाली इंग्रजीत."

"पण दोन्ही सेम आहेत."

"या नावापुरती सेम आहेत."

त्यास हे मोठे मौजेचे वाटले. पुढच्या स्टेशनापासून त्याने स्वतःच शोध मांडला. कुर्ला आले : तेथे 'र' सापडेना. आम्ही बोलावयाचे नाही असे मनाशी ठरविले होते; पण विचारल्यावर न सांगणे हाही अधर्मच, म्हणून सांगितले की तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसला आहे, त्यास रफार म्हणतात. मुलगा क्षणभर पाहत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे र गाडीच्या छतावर बसला. तिकीट नाही त्याच्याकडे." सौ. इतकी हसली की तिच्या हातचे धपाटे खाली पडले. घाटकोपरास 'र' अखेरीस नीट आसनावर बसलेला सापडला. ठाणे आले तेव्हा त्यात 'र'ही नाही, 'व'ही नाही, म्हणून मुलाने त्यास शून्य गुण दिले. त्या स्टेशनाची थोरवी आम्ही त्यास सांगितली : १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली पहिली गाडी येथवर आली, तिला चौदा डबे होते आणि ओढावयास तीन एंजिने होती. मुलाने गुण वाढविले नाहीत.

डोंबिवलीस 'व' सापडला. येथे आमच्यातला संस्कृतचा मास्तर उसळून आला, आणि 'वली' हा शेवट मूळ 'पल्ली' म्हणजे लहान गाव या शब्दापासून आला असे मानतात, हे आम्ही सांगून टाकले. मुलाने ते ऐकले, पण त्याचे लक्ष 'वली' या जोडीच्या आकाराकडे होते. त्याने ती बोटाने खिडकीच्या काचेवर गिरविली. कल्याण ओलांडले, गर्दी विरळ झाली, आणि तेथून पुढे गाडी प्रत्येक स्टेशनात थांबू लागली. विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी, शेलू. दर पाचसहा मिनिटांनी एक पाटी समोर येई, थोडा वेळ थांबे, आणि चुकले की बरोबर आले याचा निवाडा होण्यापूर्वीच मागे सरे. अंबरनाथास आम्ही १०६० सालच्या शिवालयाचा उल्लेख केला आणि पुरते केला. अधिक ताणले नाही. नेरळास माथेरानची छोटी गाडी उभी असलेली दिसली. १९०७ पासूनचा हा दोन फुटी मार्ग. आमच्या बार्शी लाइटपेक्षाही अरुंद. तेथे मुलास 'ळ' हे नवे अक्षर भेटले. "हे आठ आडवे पडल्यासारखं दिसतं," तो म्हणाला. उच्चार आजीने शिकविला. 'नेरळ, बाळ, केळ' असे तिने तीनचार वेळा म्हटले, आणि त्याने तिच्या तोंडाकडे पाहत तसेच्या तसे म्हटले. नऊ वर्षांत त्या दोघांचे एवढे दीर्घ संभाषण आम्ही ऐकले नव्हते.

कर्जतला गाडी बदलावयाची होती. खोपोलीच्या गाडीस अवकाश होता. कर्जतचा बटाटेवडा प्रसिद्ध आहे. तो घेण्यास आजी-नातू गेले, आणि बाकावर आम्ही पितापुत्र उरलो. आम्ही सहज म्हटले, "एवढा चलाख मुलगा, इतकी वर्षं तू त्याला अक्षरं का नाही शिकवलीस?" प्रश्न सहज नव्हता, हे त्यास कळले असावे.

चिरंजीव बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "दोनदा बसलो होतो, अण्णा. पहिल्या दिवशी तो 'ख' उलटा लिहीत होता. तीनदा सांगितलं. चौथ्यांदा माझा हात वर गेला. मारलं नाही, पण हात वर गेला, आणि तो मला तुमचा हात वाटला. दुसऱ्यांदा बसलो, तर तो आधीच रडायला लागला. मग मी पुस्तक बंद केलं. मराठी नाही आली तरी चालेल, म्हटलं, पण हे नको."

आमच्या छडीखालून शेकडो मुले गेली. त्यांपैकी काही आज मोठ्या हुद्द्यांवर आहेत आणि भेटली म्हणजे 'गुरुजी, तुमच्या छडीमुळे घडलो' असे म्हणून पाया पडतात. ते ऐकून आम्ही आजवर संतुष्ट होत आलो. जी घडली नाहीत, जी अक्षराचे नाव काढताच अंग चोरतात, ती पाया पडावयास कशाला येतील? त्यांतला एक आमच्या शेजारी बाकावर बसला होता, आणि तो आमचाच मुलगा होता. पाच वर्षे लाड करावे आणि दहा वर्षे ताडन करावे, असा अर्थाचे एक नीतिवचन संस्कृतात आहे. वर्गात आम्ही ते वारंवार सांगत असू. त्याच वचनाचा उत्तरार्ध असा की, सोळावे वर्ष लागले म्हणजे पुत्राशी मित्रासारखे वागावे. हा भाग आम्ही परीक्षेस विचारीत असू. आचरणात कधी आणला होता, हे त्या बाकावर पुष्कळ आठवूनही आठवले नाही. चिरंजीवांचे वय आज चाळीस आहे.

आम्ही म्हटले, "माझं चुकलं." एवढेच. याहून अधिक बोलण्याचा आम्हांस सराव नाही. चिरंजीव म्हणाले, "तसं नाही, अण्णा," आणि मग वडे आले.

कर्जत ते खोपोली हा फाटा सुमारे पंधरा किलोमीटरांचा आहे, आणि इतिहासदृष्ट्या तो फाटा नसून मूळ रस्ता आहे. १८५६ साली मुंबईची आगगाडी खोपोलीपर्यंत आली, तेव्हा पुढे बोरघाट आडवा होता. १८५८ साली घाटमाथ्यावर खंडाळा ते पुणे अशी वेगळी गाडी सुरू झाली. मधल्या काळात उतारूंनी खोपोलीस उतरावे, पालखीने किंवा इतर साधनाने घाट चढावा, आणि वर दुसरी गाडी धरावी, असा क्रम होता. १८६३ साली घाटातला लोहमार्ग पुरा झाला. त्याचा कंत्राटदार ट्रेडवेल काम हाती घेतल्यावर लवकरच वारला आणि त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेल बाईंनी, ते काम पुरे करविले. घाट खुला झाल्यावर मोठ्या गाड्या पळसदरीवरून वर वळल्या, आणि खोपोली कडेस पडली. कडेस पडली म्हणूनच की काय, ही वाट अजून निवांत आहे. एका हातास सह्याद्रीची भिंत, दुसऱ्या हातास कापणी झालेली भातखाचरे, आणि मधून आठवणीसारखी हळू जाणारी लोकल.

पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली. केळवलीची पाटी आली तेव्हा मुलगा उभा राहिला. 'ळ' त्यास नेरळास भेटला होता, 'वली' डोंबिवलीस. उरला 'के'. त्याने आजीकडे पाहिले. आजी काही बोलली नाही; तिने डब्यातले केळे काढून त्याच्या हाती दिले. "केळ... वली! केळवली!" तो ओरडला. डब्यातले दोघेतिघे उतारू वळून पाहू लागले. डोलवली त्याने एकट्याने वाचली. खोपोलीस 'ख' आडवा आला. तेव्हा चिरंजीव पुढे झाले, मुलाचा हात हाती घेतला, आणि काचेवर त्याच्या बोटाने 'ख' काढला. तो उलटा आला की सुलटा, हे आम्ही पाहिले नाही. आम्ही दुसऱ्या खिडकीतून डोंगर पाहत होतो.

त्या दिवशी खोपोलीसच मुक्काम केला. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर त्याच दिवशी उद्यानात जाणे म्हणजे मुलाचे हाल आणि तिकिटाचा अपव्यय, हे सर्वांनी ध्यानी ठेवावे. संध्याकाळी नाना फडणविसांनी बांधविलेला तलाव आणि महादेवाचे देवालय पाहिले. दुसऱ्या दिवशी सूनबाई डोंबिवलीहून येऊन मिळाल्या आणि सारे इमॅजिकास गेलो. तेथील उंच, उलटेसुलटे फिरणारे पाळणे आमच्या वयास नव्हेत. ते बापलेकांनी केले आणि आम्ही खाली चपला राखल्या. नर्मदेच्या खोऱ्यातील जीवाश्मांवरून २००३ साली ज्याचे नामकरण झाले, त्या राजासोरस नामक प्रचंड सरड्याच्या नावाने एक नौकाविहार तेथे आहे. त्यात मुलगा मनमुराद भिजला. खुर्चीत बसवून विशाल पडद्यावर आपल्या देशाचे आकाशातून दर्शन घडविणारा एक खेळ आहे, तो सौ.सह सर्वांनी पाहिला. पर्वत, नद्या, किल्ले पायांखालून सरत असता मुलगा आमच्या कानाशी म्हणाला, "आजोबा, इथे पाट्या कुठे आहेत?"

आता हिशेब प्रामाणिकपणे मांडू. विमानतळावरून निघून खोपोली गाठण्यास आम्हांस साडेचार तास लागले. मोटारीने त्याच्या निम्मेही लागले नसते. भुयारातून वर येताना आणि कर्जतला पूल चढताना सौ.च्या गुडघ्यांनी तक्रार केली. मोठे सामान असते तर हा बेत फसलाच असता. तान्हे मूल, आजारी माणूस अथवा चार पेट्या बरोबर असतील त्यांनी खुशाल मोटार करावी. आगगाडीचा पोकळ अभिमान धरू नये. पॅरिसप्रमाणे विमानतळ, लोहमार्ग आणि उद्यान यांची गाठ घालण्याचा विचार आपल्याकडे अजून व्हावयाचा आहे. नवी मुंबईचा विमानतळ गेल्या डिसेंबरअखेरीस वाहतुकीस खुला झाला आहे, आणि पनवेल ते कर्जत असा उपनगरी मार्गही हाती घेतला गेला आहे. त्यांची जोड नीट बसली तर हे अंतर निम्म्यावर येईल.

परंतु ज्यांच्या घरी परदेशातून नातवंडे येतात आणि आठ दिवस मुकी राहून परत जातात, त्यांस आमचे सांगणे आहे की, एकदा तरी त्यांस सकाळच्या रिकाम्या लोकलने शेवटच्या स्टेशनापर्यंत न्या. मोटारीत मुलगा मागच्या बाकावर झोपतो अथवा यंत्रात तोंड खुपसून बसतो. गाडीत तो समोर असतो. पाट्या आपण होऊन येतात. त्या कोणास परीक्षा घालीत नाहीत, आणि चूक झाली तर तिच्यावर रागावण्यापूर्वीच पुढचे स्टेशन येते. वडीलधाऱ्यांनी एवढेच पथ्य पाळावे की, विचारल्यावाचून सांगू नये, आणि पाटी-पेन्सिल घरी ठेवावी. आमची पाटी पिशवीतच माकणीस परत आली. ती आता सौ. धान्य मोजताना हिशेबास वापरते.

मुलगा पुढे चार दिवस माकणीस राहिला. तेरणेचे धरण पाहिले, एस. टी.च्या फळीवर 'माकणी' हे नाव स्वतः वाचले, आणि परत गेला. गेल्या आठवड्यात त्याचे पत्र आले. पत्र म्हणजे स्टेशनांची यादी आहे, दादरापासून खोपोलीपर्यंत. कर्जतचा रफार अक्षराच्या इतका वर काढला आहे की खरोखर कोणी टपावर बसल्यासारखा दिसतो. 'बदलापूर'ला ऊकार राहिला आहे. खोपोलीचा 'ख' सुलटा आहे. जुन्या सवयीने आमचा हात लाल पेन्सिलीकडे गेला होता. तो मागे घेतला, आणि पत्र सौ.ने देवघराच्या फळीवर ठेवले. यादीच्या शेवटी एक ओळ आहे, मोडक्या अक्षरांत पण कोणाच्या मदतीवाचून लिहिलेली : 'माकणीला गाडी का नाही?'

त्याचे उत्तर आज बसून लिहावयाचे आहे.